दुकानाच्या पायरीवरचे समुद्राचे खडे

माझ्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर माझ्या चुलतभावानं देवमासा टाकला होता. कोपऱ्यात मी, काळा गॉगल घातलेला, हात जोडून. मागं निळंशार पाणी. आणि त्या पाण्यातून उसळी मारणारा भला थोरला देवमासा, आता माझ्या डोक्यावर आदळतो की काय अशा बेतात. खाली ‘समुद्रावर पीएच.डी. मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि त्याखाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्या वेळी मला पीएच.डी. मिळालेली नव्हती. प्रबंध छापायलासुद्धा गेला नव्हता. आणि देवमासा मी आजतागायत पाहिलेला नाही.

“समुद्र म्हणलं की देवमासाच शोभतो बे,” चुलतभाऊ म्हणाला. दिंद्रुडात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. “तुझे ते किडे टाकले तर लोकांला वाटंल जंताच्या औषधाची जाहिरात हाय.”

त्याचं काही चूक नव्हतं. मी अभ्यास केला तो समुद्राच्या तळाशी असलेल्या जाड खड्यांत राहणाऱ्या बारीक प्राण्यांचा. वाळू नाही, चिखल नाही. हरभऱ्यापासून लिंबाएवढे गोटे, शिंपल्यांचा चुरा, आणि त्यात राहणारे कणा नसलेले जीव. अंगावरच्या केसांच्या जुडग्यांवर सरकणारे कृमी, तांदळाच्या कणीएवढे कोळंबीचे लांबचे नातलग, नखात मावतील एवढ्या गोगलगायी. यातला कोण कुठल्या खड्यांत राहतो, कुणाच्या शेजारानं राहतो आणि कशामुळं, एवढाच माझा प्रश्न. घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “मग ह्येला इतकी वर्सं कावून लागत्यात?”

खरं तर बीड जिल्ह्यातल्या माणसाला दगड बघायला समुद्रावर जायची गरज नाही. आमच्याकडं नांगर घातला की आधी दगड वर येतो, मग माती. पण मला तरुणपणी काहीतरी वेगळं करायची फार खाज होती. घरचं भुसार मालाचं दुकान, तूर-हरभरा-ज्वारी, दिवसभर अंगावर धूळ. ह्यातून सुटायचं म्हणून मी प्राणिशास्त्र घेतलं, किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत नाव नोंदवलं, आणि पहिल्याच दिवशी मार्गदर्शक बाईंनी माझ्या हातात काय दिलं? चाळणी.

मी मनातल्या मनात म्हणालो, आता बघाच.

कारण चाळणीत मी जन्मापासून आहे. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडलांनी, मला अक्षरओळख व्हायच्या आधी धान्य ओळखायला शिकवलं. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर माल तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, अंगठ्यानं दाणे फिरवायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि अख्ख्या पोत्याचा निकाल द्यायचा. अप्पा हे डोळे मिटूनही करायचे. त्यांचा आणखी एक नियम होता. चाळून, पाखडून जे टाकायचं, ते उकिरड्यावर जायच्या आधी एकदा मूठभर हातावर घेऊन बघायचं. “टाकायचं ते बगून टाकावं,” म्हणायचे. कधी त्या कचऱ्यातून पसाभर तूर निघायची, कधी नुसती काडी-माती. दोन्ही वेळा तेवढ्याच गंभीरपणे बघायचे. मला तेव्हा हा वेळेचा सत्यानाश वाटायचा.

प्रयोगशाळेतलं काम म्हणजे सरळ सरळ पाखडणंच होतं. तळातून आणलेले खडे बादलीत घ्यायचे, पाणी ओतायचं, घुसळायचं, आणि जड खडे खाली बसायच्या आत वरचं पाणी चाळणीतून ओतून द्यायचं. हलके जीव पाण्याबरोबर येतात, चाळणीत अडकतात. असं दहा वेळा. फरक एवढाच की दुकानात हलकं ते कचरा आणि जड तो माल. इथं हलकं तो माल आणि जड तो कचरा. मला ह्या उलटापालटीची फार मजा वाटली. इतकी, की मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचो. कोकणातली हुशार पोरंपोरी एक बादली धुवायची तोवर मी तीन उरकायचो. “भुसारवाल्याचा हात आहे,” असं मी स्वतःच स्वतःबद्दल म्हणायचो. दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

समुद्रावर मात्र माझी सगळी ऐट उतरायची. होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं तोंडाशी. तळाशी सोडायचा एक लोखंडी जबडा असतो, तो तळावर आपटला की मिटतो आणि घासभर तळ घेऊन वर येतो. चिखलात उत्तम चालतो. खड्यांत काय होतं, तर एखादा गोटा त्याच्या दातात अडकतो, जबडा उघडाच राहतो, आणि वर येईस्तोवर आतला माल गळून जातो. मी काठावर ओणवा होऊन ओकतोय, आणि रिकामा जबडा वर येतोय. होडीचे तांडेल म्हातारे होते. एकदा म्हणाले, “साहेब, तळाला काही मिळत नाही, पण माशांचं मात्र तुम्ही भलं करताय.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा हालांतून मिळवलेला एकेक नमुना. तो धुवून झाला की खाली उरलेले खडे वाळवायचे, पिशवीत भरायचे, चिठ्ठी लावायची. बाई एकदा म्हणाल्या होत्या, “उरलेले दगडही भिंगाखाली बघत जा हं.” मी हो म्हणालो. पहिल्या पिशवीतले दोन मुठी दगड बघितलेसुद्धा, ओले, संध्याकाळच्या घाईत, जेवणाची वेळ झालेली असताना. काही दिसलं नाही. मग मी प्रत्येक पिशवीवर छान अक्षरात लिहीत गेलो: ‘रिकामे’. त्रेचाळीस पिशव्या, त्रेचाळीस वेळा.

आणि प्रबंधाचा निष्कर्ष लिहिला: जाड खड्यांचा तळ हा जीवसृष्टीच्या दृष्टीनं दरिद्री आहे. हे वाक्य लिहून मी इतका खूश झालो की बाईंना म्हणालो, “मराठवाड्याचा माणूस आहे मी, मागास भाग लगेच ओळखतो.” बाई हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

ह्या सगळ्यात वर्षं गेली. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो होतो, सुट्टीत किनाऱ्यावर पळत होतो, आणि इकडं अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. फार उशिरा कळलं. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची, पण किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. अप्पांना कडेचं दिसेनासं झालं होतं. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग, मी तिथंच उभा असताना, त्यांना म्हणाले, “सायेब, ह्येची एकदा डॉक्टर म्हणून पाटी लागू द्या दाराला. तेवडी वाचली की मग न्हाई दिसलं तरी चालतंय.”

बस. त्या दिवसापासून माझा प्रबंध समुद्राबद्दल राहिला नाही. तो त्या पाटीबद्दल झाला. चुलतभावाला पाटी करायला सांगितली, त्यानं उत्साहाच्या भरात फ्लेक्सही छापून टाकला आणि दोन्ही गुंडाळून आमच्या दुकानाच्या माळ्यावर ठेवून गेला. प्रबंध जमा करायला पंधरा दिवस उरले होते. बाईंनी मसुदा वाचला होता. सगळं जुळून आलं होतं, आणि अशा वेळी माझ्यातला भुसारवाला जागा झाला.

झालं असं, की प्रयोगशाळेची कोठी रिकामी करायला काढली. मला निरोप आला, तुमच्या दगडांच्या पिशव्या न्या, नाहीतर आम्ही फेकतो. आता पोत्यात भरलेली वस्तू फेकायची हे आमच्या घरात कुणाला जमत नाही. मी विचार केला, दुकानाच्या पायरीशी पावसाळ्यात काळ्या मातीचा असा राडा होतो की गिऱ्हाइकाची चप्पल तिथंच राहते. त्यावर हे खडे टाकावेत. झालं. सगळ्या पिशव्या पोत्यांत भरून मी बस बदलत बदलत निघालो. मांजरसुंब्याला उतरून पोती खाली ओढत होतो तेव्हा कंडक्टरनं विचारलं, “काय हाय ह्येच्यात?”

“दगड.”

“कुठून आणलेत?”

“समुद्रावरून.”

त्यानं समोरच्या डोंगराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घंटी मारली. धाब्यावर चहा पिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, की बघा, आपण काही वाया जाऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पिशव्या फोडून पायरीपुढं पसरल्या. पांढुरके, करडे, तांबूस खडे, काळ्या मातीत छान उठून दिसत होते. हरभरा घेऊन आलेली माणसं त्यावरून ये-जा करायला लागली. मी चौथी पिशवी फोडली तेव्हा अप्पा पायरीवर बसलेले होते, कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. मी पिशवी ओतणार, म्हणजे काहीतरी टाकलं जाणार, म्हणजे मूठभर हातावर यायलाच पाहिजे. मी दिले चार खडे. त्यांनी अंगठ्यानं फिरवले.

“ह्येला काय चिकटलंय रे?”

“काही न्हाई अप्पा. धुतलेले हायत.”

“धुतलेले हायत ते कळतंय. चिकटलंय काय ते सांग.”

मी खडा हातात घेतला. बारीक पांढरी चुन्याची नळी, वळणं घेत दगडावर पक्की बसलेली. तिच्या शेजारी दुसरी. त्यांच्यामध्ये जाळीदार पापुद्रा, त्यात सुईच्या टोकाएवढी घरं, शेकड्यानं. कडेला दगडालाच चिकटून बसलेलं पिल्लू कालव, मसुरीएवढं. दुसरा खडा घेतला, तेच. तिसरा, तेच. नळीत राहणारा कृमी पाण्याबरोबर वर येत नाही. तो घर सोडून येईलच कशाला? कालव बादलीत घुसळलं म्हणून सुटत नाही. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी त्रेचाळीस पिशव्यांवर ‘रिकामे’ लिहिलं होतं आणि खड्यांवर गावंच्या गावं वसलेली होती.

आणि माझा स्वभाव असा घाण आहे, की चूक माझी असली की आवाजही माझाच मोठा होतो. मी अप्पांवर ओरडलो. म्हणालो, “तुमाला ह्यातलं काय कळतं? ह्ये असलं काही मोजत नसतात. आमी हलते प्राणी मोजतो. नजर न्हाई तर कशाला हात घालता?”

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझ्याच मुस्काटात मारावंसं वाटलं. समोर हरभऱ्याचं पोतं घेऊन आलेला माणूस खाली बघायला लागला. अप्पांनी ते चार खडे उचलून धोतराच्या सोग्यात ठेवले.

दोन दिवस मी स्वतःशी वकिली केली. बाहेरचे परीक्षक काही दिंद्रुडच्या पायरीवर येऊन खडे तपासणार नाहीत. बाईंनी मसुदा मान्य केलाय. असले प्रबंध कपाटात जातात, कोण वाचतंय. आणि मुख्य म्हणजे अप्पांची नजर. मोजायला बसलो तर वर्ष जाणार, आणि त्यांच्याकडं वर्ष आहे का ते कुणालाच माहीत नव्हतं. हे कारण इतकं चांगलं होतं की मी त्याच्या आड आरामात लपू शकत होतो, आणि लपलोच होतो. पण त्या दोन दिवसांत पायरीवरून जाता-येता पायाखाली ते खडे करकर वाजायचे. बीडचं नाव काढलं की बाहेरचे लोक म्हणतात, तिकडं काय आहे, नुसता दुष्काळ. बसच्या खिडकीतून बघतात आणि निकाल देतात. ह्या गोष्टीवरून मी आयुष्यभर लोकांशी भांडलो. आणि मी स्वतः काय केलं होतं? समुद्राच्या तळाला एकदा वरवर बघून दरिद्री ठरवून मोकळा झालो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पांनी आतल्या खोलीत बोलावलं. तिथं पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. ते चार खडे समोर मांडलेले.

“ह्ये मोजायचं असतं का न्हाई, खरं सांग.”

“असतं.”

“मग कावून मोजलं न्हाई?”

“मला वाटलं कोरे हायत.”

“बगितलंस का?”

मी म्हणालो, “अप्पा, आता मोजलं तर वर्ष जाईल. पाटी राहील.”

“पाटी काय पळून जाती का?”

“तसं न्हाई. पण तुमचे डोळे...”

“डोळ्याचं माझं मी बगतो,” ते म्हणाले. “अर्धा माल उकिरड्यावर टाकून मला पाटी नको.”

मी बाहेर येऊन बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

“पिशव्या किती?”

“त्रेचाळीस. त्यातल्या तीन पायरीवर टाकल्या, बाई.”

“कसल्या पायरीवर?”

“दुकानाच्या. चिखल होतो म्हणून.”

बाई म्हणाल्या, “उरलेल्या चाळीस मोजा,” आणि फोन ठेवला. तरीही त्या तीन पिशव्यांचे खडे मी मातीतून वेचायला बसलो, गुडघ्यावर, भर रस्त्यात. पण कुठला खडा कुठल्या पिशवीतला ते कळायला मार्ग नव्हता, आणि शिवाय त्यात आता आमच्या रानातलेही मिसळले होते. चुलतभाऊ गाडीवरून जाताना थांबला, “काय हारवलं बे?” मी म्हणालो, “काही न्हाई.” तो म्हणाला, “मग काही न्हाई ते इतकं शोधतो कावून?” त्याला मी काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग आमच्या आतल्या खोलीत समुद्र मांडला गेला. कॉलेजातून आलो की मी भिंग घेऊन एका बाजूला, अप्पा दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन टोपल्या. अप्पा खडा तळहातावर घ्यायचे, अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, “कोरा.” नाहीतर, “वस्तीचा.” कोरा एका टोपलीत, वस्तीचा माझ्याकडं. मग मी भिंगाखाली धरून कोण आहे, किती आहेत, तळातून आणलं तेव्हा आत जीव होता की नुसतं जुनं टरफल, ते लिहायचो. वाळलेला कृमी नळीत दिसतो, झाकण लावून बसलेला. पहिल्या आठवड्यात माझ्यातला शास्त्रज्ञ उगाच जागा झाला. अप्पांनी कोरे म्हणून टाकलेले खडे मी गुपचूप भिंगाखाली तपासायला लागलो. दोन-चार चुका सापडल्या, अगदी पातळ पापुद्र्याच्या. मला जरा बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात त्याही बंद झाल्या. मग मी तपासलेले खडे त्यांच्या ढिगात मिसळून बघितले, तर मी कोरे ठरवलेल्यांतले पाच त्यांनी वस्तीचे म्हणून परत दिले. पाचही बरोबर.

“परीक्षा घेतो का रे माझी?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई अप्पा.”

“घे घे. पास झालो का तेवडं सांग.”

आई दारातून बघायची आणि म्हणायची, “बाप दगड कुरवाळतोय, ल्योक दगडाशी बोलतोय. बाहेर कुणाला सांगू नका म्हंजे झालं.” पण गौरीच्या दिवसांत माणसांचा राबता वाढला तेव्हा तिनंच टोपल्या उचलून माळ्यावर जपून ठेवल्या. चिठ्ठ्या इकडच्या तिकडं होऊ दिल्या नाहीत, आणि ते माझ्यापेक्षा बरंच म्हणायचं.

एक दिवस अप्पा म्हणाले, “ह्या पिशवीतले एकाच अंगाला खरबरीत लागत्यात. दुसरं अंग साफ गुळगुळीत. आणि मगाचच्या पिशवीतले दोनी अंगांनी कोरे.” मी म्हणालो, असेल. “असंल काय? का ते सांग. तू शिकलेला हायस.” मी चिडून विचार करायला लागलो, आणि विचार करता करता माझ्या हातातला चहा गार झाला. ज्या अंगाला वस्ती, ते वर. गुळगुळीत अंग खाली, तळावर टेकलेलं. म्हणजे तो खडा महिनोन्महिने एकाच कुशीवर पडून होता. आणि जिथं लाटांनी, भरती-ओहोटीच्या ओढीनं खडे सतत उलटेपालटे होतात, तिथं घासून सगळं निघून जातं, कुणी टिकत नाही. म्हणजे तळ दरिद्री आहे की भरलेला, हे खड्यांच्या जाडीवर ठरत नव्हतं. खडे किती हलतात ह्यावर ठरत होतं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण हे. बाईंनी ते वाचून पहिल्यांदा “छान” असं लिहिलं. मी ते पान अप्पांना दाखवायला घेऊन गेलो.

दाखवायला, असं मी सवयीनं म्हणतोय. संक्रांत होऊन गेली होती. आतल्या खोलीत उजेड कमी, त्यामुळं बसल्याबरोबर अप्पा “दिवा लाव” म्हणायचे. ते म्हणेनासे झाले होते. मला वाटलं, मी आपणहून लावतो म्हणून. त्या दिवशी ते पान त्यांच्यापुढं धरलं, त्यांनी ते हातात घेतलं, त्यावर अंगठा फिरवला आणि “बरं हाय” म्हणून परत दिलं. आईनं मला बाहेर बोलावलं. “त्येंला आता दिव्याचा फरक पडत न्हाई,” ती म्हणाली. “तुला सांगू नको म्हणले. तुझं मोजायचं थांबंल म्हणून.”

मी सोयाबीनच्या पोत्यांमागं जाऊन रडलो. मोठ्यानं रडलो, नाक पुसायला रुमाल नव्हता, म्हणून सदऱ्यानं पुसलं. पंधरा दिवसांत प्रबंध देऊन टाकला असता तर त्यांनी पाटी वाचली असती. हे गणित मी पुष्कळदा मांडून बघितलं, ते दरवेळी तसंच येतं. मग तोंड धुवून आत गेलो. अप्पांनी हात पुढं केला होता. मी पुढचा खडा दिला. “वस्तीचा,” ते म्हणाले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, “तीन नमुने मानवी हस्तक्षेपामुळे नष्ट झाले असं लिहिलंय. कुठला मानव?”

“मीच, सर.”

“आणि ही स्पर्शानं प्राथमिक वर्गवारी करायची पद्धत कुठली?”

“भुसार मालाची, सर.”

बाईंना एकाएकी ठसका लागला. त्या हसल्या असं माझं आजही म्हणणं आहे, त्या कबूल करत नाहीत. मला पदवी मिळाली.

त्याच आठवड्यात चौकात देवमासा लागला, माझ्या डोक्यावर उसळी घेत. चुलतभावानं जुनाच फ्लेक्स वापरला, फक्त मधल्या वर्षात ज्या दोघांशी त्याचं बिनसलं होतं त्यांच्या तोंडांवर फुलं चिकटवली. आणि सकाळी येऊन त्यानं दाराशेजारी पाटी ठोकली. काळी चकचकीत, सोनेरी अक्षरं, त्याच्या मशीनवर छापलेली. तो गेल्यावर अप्पा पूजा आटोपून भिंतीच्या कडेनं बाहेर आले. मी त्यांचा हात धरून पाटीवर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, खड्यावर फिरवायचे तसाच. मग पुन्हा एकदा.

“कोरी हाय,” ते म्हणाले.

ह्या माणसाबरोबर वर्षभर बसलो, आणि पाटीची अक्षरं हाताला लागतील अशी करून घ्यावीत एवढं माझ्या डॉक्टर झालेल्या डोक्यात आलं नव्हतं.

“न्हाई अप्पा, छापील हाय. हाताला लागत न्हाई.”

“मग वाचून दाखव.”

रस्त्यावर माणसं होती. समोरच्या हॉटेलात चहा पिणारे आमच्याकडंच बघत होते. मी हळू आवाजात माझं नाव वाचलं, वडलांचं नाव वाचलं, आडनाव वाचलं.

“सुरवातीचं काय तरी टाकलंस तू.”

“काही न्हाई अप्पा.”

“बगून सांग.”

मग मी पहिल्यापासून वाचलं. डॉक्टर, आणि मग माझं नाव. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं म्हणून झुरलो, ते पहिल्यांदा मलाच माझ्या तोंडानं म्हणावं लागलं, भर रस्त्यात, बनियनवर. “मोठ्यानं,” अप्पा म्हणाले. मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. मी एकेक शब्द वाचत होतो तसा अप्पांचा अंगठा पाटीवरून सावकाश पुढं सरकत होता. माझं नाव संपलं, त्यांचं आलं, आडनाव आलं. वाचून झालं तेव्हा अंगठा शेवटच्या कडेला पोचला होता. तो त्यांनी तिथंच थोडा वेळ ठेवला.

“हां,” ते म्हणाले. “वस्तीची हाय.”